सायकलच्या चाकाचा वेग मोजायला कोणता सेन्सर घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आहे. ७००×२५सी टायरची सायकल, पुढच्या चाकाचा वेग मोजायचा आणि ०.१ किमी/तासाइतकी अचूकता हवी. हॉल सेन्सर, रीड स्विच, इन्फ्रारेड आणि प्रॉक्झिमिटी यांपैकी सर्वात अचूक कोणता? स्पोकला एक मॅग्नेट आणि चिमट्याला (फोर्कला) ए३१४४ हा हॉल सेन्सर, म्हणजे मॅग्नेट जवळ आल्याचं ओळखणारी चिप, लावून पाहिला, पण स्क्रीनवर ७.६, १५.२, २२.७ एवढेच आकडे दिसतात, मधलं काही येत नाही. शिवाय जोरात ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होतं का, हेही पुढे याच सेन्सरवर पाहायचं आहे.

ते तीन आकडे दिलेत हे फार बरं केलंत, कारण दुखणं त्यातच आहे. या टायरचा परिघ साधारण २.१०५ मीटर. मॅग्नेट समोरून गेला की सेन्सर विजेचा एक ठोका देतो, तो पल्स. सेकंदाला एक पल्स म्हणजे सेकंदाला २.१०५ मीटर, म्हणजेच तासाला ७.५८ किमी. दोन पल्स आले की १५.२, तीन आले की २२.७. याचा अर्थ तुमचा प्रोग्रॅम एका सेकंदात आलेले पल्स मोजतो आणि त्यांना परिघाने गुणतो. चाकावर एकच मॅग्नेट असेल तर या पद्धतीत मधला आकडा येऊच शकत नाही. कितीही महागडा सेन्सर आणलात तरी हेच तीन आकडे दिसणार. सेन्सर ठीक आहे, हिशोब बदलायला हवा.

पल्स मोजू नका, दोन पल्समधला वेळ मोजा. परिघ मीटरमध्ये घ्या, त्याला ३.६ ने गुणा आणि एका फेरीला लागलेल्या सेकंदांनी भागा, की किमी/तास मिळतात. २५ किमी/तासाला एका फेरीला ३०३.१ मिलिसेकंद लागतात, २५.१ ला ३०१.९. फरक १.२ मिलिसेकंदांचा आहे. साध्या आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डचं मायक्रोसेकंदांचं घड्याळ ४ मायक्रोसेकंदांच्या पायरीने चालतं, त्यामुळे हा फरक त्याला आरामात दिसतो. एक अट मात्र आहे. पल्सची वेळ इंटरप्टमध्येच, म्हणजे पल्स येताच बाकी काम थांबवून चालणाऱ्या छोट्या कोडमध्येच, टिपायची. मुख्य लूपमध्ये एलसीडीवर अक्षरं लिहीत बसलात आणि मग पिन तपासलीत, तर दहा-वीस मिलिसेकंद सहज इकडेतिकडे होतात. इंटरप्टमध्ये फक्त वेळ टिपा आणि फेऱ्यांची संख्या एकने वाढवा. भागाकार आणि छपाई बाहेर.

आता ०.१ किमी/तासाबद्दल. २५ च्या वेगाला ०.१ म्हणजे ०.४ टक्के. परिघावर हे ८ मिमीच्या आसपास येतं, त्रिज्येवर सव्वा मिलिमीटर. स्वार बसला की टायर जमिनीपाशी दबतो, हवा कमी असेल तर जास्तच दबतो. परिघाच्या तक्त्यातला २१०५ हा आकडा वापरून तुम्ही ०.१ चा दावा करू शकत नाही. परिघ स्वतः मोजावा लागतो. नेहमीची हवा भरा, जो चालवणार आहे त्यालाच सीटवर बसवा, ट्यूबचा व्हॉल्व्ह अगदी खाली असताना फरशीवर खडूने खूण करा, सरळ रेषेत पाच फेऱ्या पुढे न्या आणि पुन्हा खूण करा. साडेदहा मीटरच्या आसपासचं अंतर टेपने मोजून पाचने भागा. एक सेंटीमीटर चुकलात तरी चूक ०.१ टक्क्याच्या आतच राहते. माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हे सेन्सर विकत घेण्याआधी करायला लावतो, कारण अचूकतेतला मोठा वाटा इथेच असतो.

दुसरी गळती घड्याळात आहे आणि ती कोणी तपासत नाही. उनोच्या मुख्य चिपला क्रिस्टल नसून सिरॅमिक रेझोनेटर असतो आणि त्याची चूक अर्ध्या टक्क्यापर्यंत जाऊ शकते. म्हणजे तुमची सगळी ०.४ टक्क्यांची सवलत एकट्या घड्याळाने खाल्ली. ईएसपी३२ या दुसऱ्या कंट्रोलरच्या बोर्डवर क्रिस्टल असतो, तिथे ही चिंता उरत नाही. उनोच वापरायचा असेल तर अर्धा तास चालू ठेवून मोबाइलच्या घड्याळाशी ताडून घ्या आणि निघेल तो गुणक प्रोग्रॅममध्ये टाका.

वेळ मोजण्याच्या पद्धतीचा एक तोटा आहे तो हळू वेगाला दिसतो. ५ किमी/तासाला एका फेरीला दीड सेकंद लागतो आणि तेवढा वेळ आकडा बदलत नाही. सायकल थांबली तर पुढचा पल्स येतच नाही, आणि स्क्रीनवर शेवटचा वेग तसाच चिकटून राहतो. बरेच जण तीन सेकंद वाट पाहून शून्य दाखवतात. त्याहून चांगला उपाय आहे. शेवटच्या पल्सला किती वेळ झाला ते सतत बघत राहा. तो वेळ आधीच्या फेरीपेक्षा जास्त झाला, की आताचा सरासरी वेग परिघ भागिले तेवढा वेळ यापेक्षा जास्त असूच शकत नाही. ती कमाल मर्यादाच स्क्रीनवर दाखवा. सिग्नलला थांबताना आकडा मग एकदम शून्यावर आपटत नाही, उतरत उतरत जातो, आणि ते खऱ्याच्या बरंच जवळचं असतं.

एवढं झालं की सेन्सरची निवड सोपी होते, पण सरसकट उत्तर देता येत नाही. बॅटरी किती मोठी आहे, पावसात चालवणार का, आणि एका फेरीत किती पल्स हवेत, यावर ते ठरतं. एकेक घेऊ.

रीड स्विच म्हणजे काचेच्या नळीत लोखंडी मिश्रधातूच्या दोन पात्या. मॅग्नेट जवळ आला की त्या चिकटतात. त्याला स्वतःला वीज अजिबात लागत नाही, आणि साध्या तारेच्या सायकल कॉम्प्युटरमध्ये तो वर्षानुवर्षं वापरात आहे तो याच गुणामुळे. पात्या चिकटताना थरथरतात, म्हणून एका पल्सच्या जागी तीन-चार दिसतात. पहिल्या पल्सनंतर ५० मिलिसेकंद कान बंद ठेवले की काम भागतं, कारण ५० मिलिसेकंदांत एक फेरी व्हायला दीडशे किमी/तासाचा वेग लागेल. खरी फसगत दुसरीकडे होते. मॅग्नेटचा अक्ष रीडच्या लांबीला काटकोनात असेल आणि मॅग्नेट रीडच्या लांबीच्या दिशेने सरकत गेला, तर स्विच एका टोकापाशी लागतो, मध्यावर सुटतो आणि दुसऱ्या टोकापाशी पुन्हा लागतो. एका फेरीला दोन पल्स. वेगात असताना हे दोन्ही पल्स त्या ५० मिलिसेकंदांत दडून जातात आणि सगळं ठीक वाटतं. सायकल हातात धरून रखडत चालवली की अचानक वेग भलताच वाढलेला दिसतो. म्हणून नवा रीड बसवल्यावर चाक हाताने अगदी सावकाश फिरवा आणि मल्टिमीटरच्या बझरवर ऐका. एका फेरीत एकच आवाज यायला हवा. दोन आले तर रीड नव्वद अंशांत फिरवून पुन्हा ऐका. रीडचे पाय वाकवताना काच आणि वाक यांच्यामध्ये पक्कडीने घट्ट धरा, नाहीतर काच मुळाशी तडकते आणि तडा नुसत्या डोळ्याला दिसतही नाही.

हॉल सेन्सरमध्ये हलणारं काही नाही, थरथर नाही, आणि लागण्याच्या व सुटण्याच्या चुंबकीय पातळीत अंतर ठेवलेलं असतं, त्यामुळे पल्स स्वच्छ येतो. मात्र ए३१४४ ला किमान ४.५ व्होल्ट लागतात. ईएसपी३२ च्या ३.३ व्होल्टवर तो टेबलावर चालतो आणि रस्त्यावर दगा देतो, अशा तक्रारी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्याचं आउटपुट ओपन कलेक्टर आहे, म्हणजे ते फक्त ग्राउंडला जोडतं, स्वतः व्होल्टेज देत नाही. म्हणून सेन्सरला ५ व्होल्ट द्या आणि आउटपुटचा पुल-अप रेझिस्टर (एरवी आउटपुट वर ओढून ठेवणारा) ३.३ व्होल्टला जोडा. तो छापील बाजूसमोर दक्षिण ध्रुव आल्यावरच लागतो. काहीच होत नसेल तर आधी मॅग्नेट उलटा करून बघा. १० मिमी व्यासाचा, ३ मिमी जाडीचा निओडायमियम मॅग्नेट घेतलात तर अंतर ५ मिमीच्या आसपास ठेवा. १० मिमीवर चुंबकीय क्षेत्र जवळपास चौथाईवर येतं, तिथे एक तुकडा चालेल आणि त्याच पाकिटातला दुसरा चालणार नाही.

हॉलची दुसरी बाजू विजेची. ए३१४४ सतत चार-पाच मिलिअँपिअर पितो. सीआर२०३२ या बटण सेलमध्ये साधारण २२० मिलिअँपिअर-तास असतात, म्हणजे त्या हिशोबाने सेल जेमतेम दोन दिवस पुरेल. रीडला ४५ किलोओहमचा पुल-अप असेल आणि सायकल नेमकी मॅग्नेट रीडसमोर येऊन उभी राहिली, तरी पाऊण दशांश मिलिअँपिअरच्या आतच वीज जाते. आता तुम्ही म्हणाल, कमी विजेचे हॉल सेन्सरही मिळतात. मिळतात, पण त्यांचं डेटाशीट नीट वाचा. त्यातले बरेच झोपलेले असतात आणि सेकंदाला ५ किंवा २० वेळाच डोळा उघडून बघतात. ते झाकण उघडं आहे की बंद एवढं कळण्यासाठी बनवलेले असतात. २५ किमी/तासाला हबपासून २० सेंटीमीटरवरचा मॅग्नेट सेकंदाला चार मीटरच्या वेगाने सरकतो, म्हणजे सेन्सरसमोर तो पाचेक मिलिसेकंदच असतो. दर ५० मिलिसेकंदांनी बघणाऱ्या सेन्सरला त्यातल्या दहा फेऱ्यांपैकी एखादीच दिसेल. सेल फार दिवस टिकवायचा असेल तर रीड घ्या, यूएसबी पॉवर बँक असेल तर सतत जागा असलेला हॉल घ्या.

इन्फ्रारेड मी सायकलवर सुचवत नाही. प्रयोगशाळेत स्टँडवर चाक फिरवून दाखवायचं असेल तर खाचांची चकती आणि यू आकाराचा सेन्सर सुंदर चालतो. बाहेर उन्हातही इन्फ्रारेड असतं, त्यामुळे उघडा परावर्तनाचा सेन्सर झाडाच्या सावलीतून उन्हात आला की खोटे पल्स देतो. पावसाळ्यात एका दिवसाच्या चिखलाने तो आंधळा होतो. मॅग्नेटला चिखलाचं काही वाटत नाही.

इंडक्टिव्ह प्रॉक्झिमिटी, म्हणजे ते बारा मिलिमीटरचं पितळी आट्यांचं नळकांडं, मजबूत असतं आणि चिखलपाण्याला दाद देत नाही. पण बाजारात सहज मिळणारं मॉडेल ६ ते ३६ व्होल्टवर चालतं, आणि लोखंड ४ मिमीच्या आत यावं लागतं. डिस्क ब्रेकच्या रोटरची भोकं त्याने मोजू असं अनेकांच्या मनात येतं. बारा मिलिमीटरच्या तोंडाला पाच-सहा मिलिमीटरचं भोक वेगळं दिसतच नाही, आजूबाजूची धातू दिसत राहते. खाच निदान त्याच्या तोंडाएवढी रुंद हवी.

बाकीचे पर्याय लवकर उरकतो. हबवर जायरो (फिरण्याचा वेग मोजणारी चिप) बांधायचा विचार असेल तर एमपीयू६०५० ची कमाल मर्यादा सेकंदाला २००० अंश आहे. म्हणजे सेकंदाला साडेपाच फेऱ्या, म्हणजे तुमच्या चाकावर ४२ किमी/तास. सिंहगडाच्या उतारावर तो आकडा छताला टेकतो आणि तिथेच राहतो. जीपीएस परिघाची पडताळणी करायला चांगला, क्षणाचा वेग सांगायला मंद. हब डायनामो असेल तर तोच सेन्सर होतो, २८ ध्रुवांच्या डायनामोतून एका फेरीला १४ आवर्तनं मिळतात. टायरला घासणारा जुना बाटली डायनामो मात्र पावसात घसरतो, त्यावर मापन करू नका.

ब्लूटूथवर वेग पाठवायचा असेल तर प्रमाणित पद्धत बघण्यासारखी आहे. त्यात सेन्सर वेग पाठवतच नाही. एकूण फेऱ्या आणि शेवटच्या फेरीची वेळ, तीही सेकंदाच्या १०२४व्या भागांत, एवढंच पाठवतो. परिघ आणि भागाकार मोबाइलकडे. मधला एखादा संदेश हरवला तरी पुढच्या संदेशातून हिशोब बरोबर जुळतो. वेळेचा आकडा १६ बिटांचा असल्याने दर ६४ सेकंदांनी तो शून्यावरून पुन्हा सुरू होतो, वजाबाकी करताना हे सांभाळा. ब्लूटूथ वापरत नसलात तरी तुमची नोंदवही अशीच ठेवा.

आता ब्रेक. हा भाग तुम्ही प्रश्नात शेवटी एका ओळीत लिहिलात, पण निवड यावरच ठरायला हवी. २० किमी/तासाला जोरात ब्रेक दाबला आणि वेग दर सेकंदाला ५ मीटर/सेकंदाने उतरला, तर सायकल १.१ सेकंदात, सुमारे तीन मीटरमध्ये थांबते. तीन मीटर म्हणजे चाकाच्या दीड फेऱ्या. एका मॅग्नेटवर अख्ख्या ब्रेकिंगमध्ये तुम्हाला एक किंवा दोन पल्स मिळतील. चाक लॉक झालं, की सायकलच थांबली, की पुढचा पल्स अजून यायचाय, हे त्यातून कोणीही सांगू शकणार नाही. वेग दाखवणं आणि घसरण पकडणं ही दोन वेगळी मापनं आहेत. १२५ सीसीवरच्या मोटरसायकलींना आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. अशा गाडीच्या पुढच्या डिस्कशेजारची खाचांची रिंग एकदा जवळून बघा. तिथे एका फेरीत डझनावारी खाचा का लागतात ते या हिशोबातून कळेल.

तुमच्यासाठी मी असं सुचवेन. १६० मिमी व्यासाची अ‍ॅक्रिलिकची चकती लेझर कटिंगवाल्याकडून कापून घ्या. कडेला २४ छोटे मॅग्नेट बसवा, एक उत्तर ध्रुव वर, पुढचा दक्षिण ध्रुव वर, असे आलटून पालटून. सेन्सर ए३१४४ ऐवजी यूएस१८८१ घ्या. हा लॅच प्रकारचा आहे, एका ध्रुवाने लागतो आणि विरुद्ध ध्रुव येईपर्यंत तसाच राहतो. त्याचं आउटपुट एका फेरीत २४ वेळा बदलतं, म्हणजे दर ८८ मिमीला एक नोंद, आणि २० किमी/तासाला दर १६ मिलिसेकंदांनी. त्याच तीन मीटरच्या ब्रेकिंगमध्ये आता पस्तीसेक नोंदी मिळतात. यालाही किमान ३.५ व्होल्ट लागतात, म्हणून तोच ५ व्होल्टचा पुरवठा द्या. मॅग्नेट पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला शोधा, सेन्सरही तिथे विचारा. घेताना नावाकडे नीट लक्ष द्या, कारण ए३१४४ आणि यूएस१८८१ दोन्ही दिसायला सारखेच तीन पायांचे काळे ठिपके असतात.

हाताने चिकटवलेले मॅग्नेट कधीच सारख्या अंतरावर बसत नाहीत. प्रत्येक नोंदीवरून वेग काढलात तर चाक एकसारखं फिरत असूनही आकडा नाचेल. स्क्रीनवरच्या वेगासाठी प्रत्येक नोंदीला, त्याच मॅग्नेटची मागच्या फेरीतली वेळ वजा करा. अंतर पूर्ण परिघाएवढंच राहतं, मॅग्नेटची चूक निघून जाते आणि आकडा फेरीत २४ वेळा ताजा होतो. ब्रेकिंगसाठी मात्र छोटे तुकडेच लागतात. त्यासाठी सायकल उलटी ठेवा, चाक जोरात फिरवून सोडा आणि बऱ्याच फेऱ्यांवरून २४ तुकड्यांची प्रमाणं शिकून तक्त्यात ठेवा. मॅग्नेट क्रमांक एक कोणता हे कळायला जुना स्पोकवरचा मॅग्नेट आणि ए३१४४ तसाच राहू द्या, फुकट जाणार नाही.

आणखी एक गोष्ट. चाक घसरलं हे ठरवायला सायकलचा खरा वेग माहीत हवा, म्हणजे हीच रचना दोन्ही चाकांवर हवी. एका वेळी एकच ब्रेक दाबायचा आणि दुसऱ्या चाकाशी तुलना करायची. चाचणी मागच्या चाकापासून सुरू करा, मोकळ्या मैदानावर, हेल्मेट घालून. पुढचं चाक लॉक करून बघण्याची चाचणी माणूस बसवून करू नका, स्वार हँडलवरून पुढे फेकला जातो. सेन्सरची पट्टी चिमट्याला नटबोल्टने न आवळता केबल टायने बांधा, म्हणजे काही अडकलंच तर पट्टी सरकेल, चाक अडणार नाही. मॅग्नेट एम-सीलने बसवून वरून टेपचा एक वेढा द्या, आणि तारेला हँडल पूर्ण वळेल एवढीच ढील ठेवा.

रिम ब्रेक असतील तर चकती कोणत्याही बाजूला स्पोकांवर बांधता येते. डिस्क ब्रेक असतील तर डावी बाजू रोटरने घेतलेली असते, म्हणून पुढच्या चाकावर ती उजवीकडे बांधा. मागे उजवीकडे फ्रीव्हील येतं, तिथे जागेची अडचण होईल. हबपासून सात-आठ सेंटीमीटरवर स्पोक आणि चिमटा यांच्यात मोकळी जागा किती आहे, ती दोन्ही चाकांवर दोन्ही बाजूंनी मोजून कळवा. मॅग्नेट ३ मिमीचे घ्यायचे की २ मिमीचे आणि चकती किती जाड हवी, ते त्यावरून सांगतो.